काही घाई नाही

माझ्या आधी ज्याचा नंबर होता, त्या माणसाला स्वतःच्या नावात ‘थंडर’ घालून हवं होतं. खोटं नाही सांगत. मर्ल ऑस्ट्रँडर, वय पन्नासच्या पुढे. आमच्या ओहायोतल्या या जिल्ह्यात निम्म्या विहिरींवरचे पंप त्यानेच बसवलेत. नवीन नाव काय, तर मर्ल थंडर ऑस्ट्रँडर.

“का बरं?” जज हेट्रिकनी विचारलं.

“असंच साहेब. लहानपणापासून आवडतं.”

“यात कुणाला फसवण्याचा वगैरे हेतू नाही ना?”

“थंडर नाव लावून कुणाला फसवणार साहेब? लांबूनच ऐकू येईल की.”

सगळं कोर्ट हसलं. जजसाहेब तर पोट धरून हसले. मग सही, शिक्का, अभिनंदन मिस्टर थंडर. भिंतीवरच्या घड्याळात मी बघत होते: तीन मिनिटं. मी आईच्या कानात म्हटलं, “तीन मिनिटं! आपण जेवायला घरी.” आणि मी खरंच भुकेचा विचार करायला लागले. इतकी मी बावळट.

मी लोरेटा बर्कहोल्डर. पंधरा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते, आणि चांगला वाजवते, हे मी आता न लाजता सांगते. दोन वर्षांपूर्वी सांगितलं नसतं. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात शेवटच्या बाकावर, केस डोळ्यांवर ओढून बसायचे, कारण लोकांना मी मुलगा वाटायचे आणि त्यांना ‘नाही’ म्हणायला मला तोंड नव्हतं. मग एक दिवस तोंड आलं. आलं ते आलं, आता बंद होत नाही, असं आई म्हणते. तेव्हापासून शाळेत सगळे मला लोरेटाच म्हणायचे. शिक्षक, बँडवाले, जेवण वाढणाऱ्या बाईसुद्धा. काही आभाळ कोसळलं नाही.

मग मे महिन्यात शाळेच्या मंडळाने नियम केला. हजेरीपुस्तकात जे नाव असेल त्याच नावाने विद्यार्थ्याला हाक मारायची, आणि हजेरीपुस्तकातलं नाव बदलायचं तर कोर्टाचा हुकूम आणायचा. शाळा ऑगस्टच्या एकोणीस तारखेला उघडणार होती. त्याआधी मला एक कागद हवा होता, बस. एक कागद आणि त्यावर एक सही.

जुनं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना हौस असेल त्यांनी आमच्या साप्ताहिकाचा जूनचा अंक शोधावा. नाव बदलायचं तर महिनाभर आधी जाहीर नोटीस द्यावी लागते. ती सातव्या पानावर आली होती, चर्चच्या मासळीजेवणाचं निमंत्रण आणि हरवलेली बकरी यांच्या मधोमध. जुनं नाव, नवं नाव, आणि कुणाची हरकत असेल तर अमुक तारखेला कोर्टात येऊन सांगावी. गावातल्या प्रत्येकाने ती वाचली. बकरी सापडली. हरकत घ्यायला एकही माणूस आला नाही. हरकतदारांसाठी ठेवलेला पुढचा बाक रिकामाच होता, म्हणून आईने त्यावर तिची पर्स ठेवली.

आता आईबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच अडकलंय.

माझी आई, डार्ला, टायरच्या दुकानात काउंटरवर बसते. आमच्याकडचे लोक तसेही अतिनम्र, पण आई म्हणजे कहर. कुणी तिच्या पायावर पाय दिला तर तीच माफी मागते. चुकीचा फोन आला तर पलीकडच्याला बरोबर नंबर शोधून देते. आणि तिचं एक पालुपद आहे. गिऱ्हाईक पाकीट चाचपत असलं की, “काही घाई नाही हो, सावकाश.” हॉटेलात तासभर जेवण आलं नाही तरी वेटरला, “काही घाई नाही हो.” गेल्या वर्षी माझ्या हाताचं हाड मोडलं होतं, हात असा लोंबत होता, मी किंचाळत होते, आणि ही इमर्जन्सीच्या खिडकीवरच्या बाईला म्हणते काय, “काही घाई नाही, तुमचं चालू द्या.” त्यावर आम्ही वर्षभर हसत होतो.

पुकारा झाला. बेलिफ गॉर्लीने जुनं नाव तिन्ही भागांसकट खणखणीत आवाजात पुकारलं, आणि मी उठले. शेवटचं एकदा, असं मनाशी म्हणत उठले.

जज हेट्रिक तसे दुष्ट दिसत नाहीत. दिसले असते तर बरं झालं असतं. गोल चेहरा, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी. मला म्हणाले, “घ्या एक.” मी घेतली. मग त्यांनी मला काय म्हणायचं यावर बराच विचार केला असावा, कारण पुढचा पाऊण तास त्यांनी मला नावाने हाक मारली नाही, ‘तो’ म्हटलं नाही, ‘ती’ म्हटलं नाही. मी होते ‘अर्जदार’.

“अर्जदार कितवीत आहेत?”

“दहावीत जाईन,” मी म्हटलं.

“अर्जदार हे नाव कधीपासून वापरताहेत?”

“दोन वर्षं झाली.”

“शाळेत अर्जदारांना कुणी चिडवतं का?”

“ट्रॉम्बोनवरून चिडवतात.”

ते थोडं हसले. मग त्यांनी बाबांना उभं केलं. माझे आईबाबा वेगळे झालेत. बाबा शेजारच्या राज्यात, इंडियानाला, कारखान्यात चाकांवरची फिरती घरं बांधतात, आणि त्या दिवशी ते पहाटे निघून, गळ्याला टाय आवळून आले होते. बाबांना चार वाक्यं बोलायची झाली तर आदल्या दिवसापासून तयारी लागते.

“वडील म्हणून तुम्हाला याबद्दल काय वाटतं?” जजसाहेबांनी विचारलं.

बाबांनी घसा खाकरला. “ते नाव मी ठेवलं होतं साहेब. माझ्या भावाचं. वाईट वाटायचं तर मला वाटायला पाहिजे.” मग टायची गाठ चाचपली. “मीच परत घेतोय.”

आणि बसले. मला रडू आलं असतं, पण तोंडात पेपरमिंट होती.

“आणि लोरेटाच का?” जजसाहेब माझ्याकडे वळले.

यासाठी तर मी तयारच होते! मी सांगितलं, आईची मावशी लोरेटा श्टुट्झ, दुधाचा टँकर चालवायची, तिचं हसणं तीन गावांत ऐकू जायचं, आणि मी सहा वर्षांची असताना तिने मला टँकरच्या भोंग्याची दोरी ओढू दिली होती.

जजसाहेबांचा चेहरा एकदम खुलला. “लोरेटा श्टुट्झ! अहो, आमच्या शेतावरून दूध न्यायची ती. बाई कसली, वादळ होतं!” आणि मला वाटलं, झालं! मी मागे वळून आईकडे बघितलं, तीही हसत होती. बाबासुद्धा.

मग ते पुढे झुकले आणि आजोबांसारख्या आवाजात म्हणाले, “असं केलं तर? दोन्हीकडे चालतील अशीही नावं असतात. ‘लेन’ म्हणा, ‘रॉबिन’ म्हणा. म्हणजे पुढे विचार बदललाच तर…”

“मिस्टर ऑस्ट्रँडरना तुम्ही असं विचारलं नाहीत,” मी म्हटलं. “पुढे त्यांचा विचार बदलला तर?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. जजसाहेब हसले नाहीत. “मिस्टर ऑस्ट्रँडर सज्ञान आहेत. अर्जदार नाहीत. अर्जदारांचं हित कशात आहे ते मला बघायचंय.”

“माझं हित माझ्या आईबाबांना कळतं. ते दोघं वेगळे झाल्यापासून कुठल्याही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. यावर झालंय.”

“ठीक आहे, ठीक आहे. समुपदेशक बाईंचं पत्र होतं ना फाइलमध्ये? थांबा हं जरा.” ते कागद उलटेपालटे करायला लागले. मग चष्मा शोधायला लागले. चष्मा कपाळावर होता. सगळं कोर्ट बघतंय, कुणी बोलत नाहीये, आणि ते खिसे चाचपताहेत, टेबलाखाली बघताहेत. आईला हे सहन होणं शक्यच नव्हतं. तिच्या आतून ते आपोआप आलं, जसं काउंटरवर येतं:

“काही घाई नाही हो, सावकाश.”

खाली बसलेल्या लघुलेखिकेची बोटं टकटक चालली. गुलाबी नखं होती. मला तो आवाज अजून आठवतो.

चष्मा सापडला, पत्रही सापडलं. जजसाहेब म्हणाले, निकाल टपालाने कळवू. बाहेर आल्यावर बाबांनी टाय सैल केला आणि म्हणाले, “चला अर्जदार, भूक लागली असेल.” आम्ही तिघं कित्येक वर्षांनी एका टेबलावर जेवलो. त्या दिवसापासून घरात तोच विनोद. “अर्जदार, भांडी घासा.” “अर्जदारांनी मोजे कुठे टाकलेत?”

बारा दिवसांनी पाकीट आलं. आईने ते पत्रपेटीपाशी उभ्याउभ्याच फोडलं. मी व्हरांड्यातून बघत होते. तिने वाचलं, परत वाचलं, आणि चक्क हसली. काहीतरी भलतंच, न समजलेलं वाचल्यावर माणूस हसतो तसं. मग तिने कागद माझ्या हातात दिला.

अर्ज नामंजूर. चार पानं होती, नम्र भाषेत. अर्जदार हुशार आहेत. अर्जदार वाक्चतुर आहेत. पालकांच्या प्रेमाबद्दल कोर्टाला शंका नाही. कुणाची हरकत आलेली नाही. तथापि. त्या ‘तथापि’नंतर, अर्जदारांचं वय अजून घडण्याचं आहे आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर अर्जदार स्वतः अर्ज करू शकतात. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात: ‘थांबल्याने अर्जदारांचं काही नुकसान होईल असं दिसत नाही. अर्जदारांच्या आईनेच कोर्टासमोर सांगितलं आहे की काही घाई नाही. कोर्टालाही तसंच वाटतं.’

“हे मी नाही म्हटलं,” आई म्हणाली.

“म्हटलंस गं.”

“लोरे, मी ते त्यांच्या चष्म्याला म्हटलं होतं!”

तिने कोर्टात फोन लावला. पलीकडे जी कारकून होती ती दर हिवाळ्यात आईकडूनच टायर बदलून नेते. ती म्हणाली, “डार्ला, मला माहितीये गं तू कशी आहेस. पण नोंदीत जे आहे ते आहे.” राज्याच्या राजधानीतल्या एका वकीलबाईंनी फोनवर सांगितलं, वरच्या कोर्टात अपील करू, जिंकूही कदाचित, पण वसंत उजाडेल. आणि ते वाक्य नोंदीत नसतं तर बरं झालं असतं, असंही त्या म्हणाल्या. न म्हणत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर आईने ते पालुपद सोडलं. मी एकदा दुकानात गेले होते, तर एक म्हातारे गृहस्थ थरथरत्या हाताने पाकिटातून कार्ड काढत होते, निघत नव्हतं. आई ओठ घट्ट मिटून उभी. म्हातारे बिचारे तीनदा म्हणाले, “सॉरी हं, सॉरी.” तिने एक शब्द काढला नाही.

एकोणीस ऑगस्टला शाळा उघडली. माझ्या वर्गाची हजेरी डेनिंगसरांकडे आली. इतिहास शिकवतात. गेल्या वर्षी याच माणसाने मला शंभर वेळा लोरेटा म्हटलं होतं. माझ्या निबंधावर लाल शाईने ‘वा, लोरेटा!’ असं लिहिलं होतं. आता त्यांनी मान खाली घालून ते दुसरं नाव वाचलं. मी समोर बघत राहिले.

त्यांनी परत वाचलं.

“तो आलेला दिसत नाही, सर,” मी म्हटलं.

वर्ग हसला. सर नाही हसले. “हे बघ, मला वाचावंच लागतं. नियम आहे.”

“वाचा ना सर. तुम्ही वाचा. आला तर ‘हजर’ म्हणेल.”

त्यांनी ‘गैरहजर’ लिहिलं. वीस मिनिटांनी मलाच फळ्यावर बोलावून नकाशा काढून घेतला. हे रोज. गैरहजर मुलीला चाचणीत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. माझी मैत्रीण केन्ना म्हणाली, “मी हजर असून करत नाही एवढी बडबड तू गैरहजर असून करतेस.” आम्ही फार हसलो. सप्टेंबरपर्यंत ते विनोदीच होतं.

मग मुख्याध्यापकांनी बोलावलं. “तोंड उघडू नकोस. नाव वाचलं की नुसता हात वर कर. एवढं तर करशील?”

“हात माझाच असतो ना पण, सर.”

हे मी घरी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, शाब्बास. ती भांडी पुसत होती. म्हणाली, “कर ना गं हात वर. बाळा, काय बिघडतं? वसंतापर्यंतच तर…”

“हो ना,” मी म्हटलं. “घाई काय आहे?”

तिने ताट हळूच खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आईला दार आपटता येत नाही. मी सॉरी म्हणायला दारापर्यंत गेले आणि तिथूनच परतले. माझं एवढं चालणारं तोंड, नको तेव्हा बरोबर चालतं आणि हवं तेव्हा बंद.

ऑक्टोबरात दुसरं पाकीट आलं. अमुक नावाचा विद्यार्थी सबळ कारणाशिवाय इतके इतके तास शाळेत गैरहजर. पालकांनी त्याला घेऊन बाल न्यायालयात हजर व्हावं. गैरहजर राहिल्यास त्याला ताब्यात घेऊन आणण्याचा हुकूम निघू शकतो.

आमचा जिल्हा लहान आहे. जिन्याने वर गेलं की तेच दार. दारावर दोन पितळी पाट्या, वरची मृत्युपत्रं, वारस आणि नावांच्या कोर्टाची, खालची बाल न्यायालयाची. दोन्हींवर नाव एकच, हेट्रिक. म्हणजे हा माणूस वरच्या पाटीखाली बसून म्हणाला, थांबल्याने काही नुकसान नाही. आणि आता खालच्या पाटीखाली बसून विचारणार होता, हे नुकसान कसं झालं?

आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. बाबांना त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. आईने तोच निळा ड्रेस घातला होता. पर्समधून नोटीस काढून ती परत परत वाचत होती, ‘ताब्यात घेऊन’ या शब्दांवर तिचा अंगठा होता. मी ‘घाई काय आहे?’ म्हटलं त्या दिवसापासून आमच्यात मिठापुरतं बोलणं झालं होतं, ‘मीठ दे’, ‘घे’. मी मनात ठरवलं होतं: मी उठणार नाही. पण आई उठेल हे मला माहीत होतं. चुकीच्या फोनला उत्तर देणारी बाई ती. नाव पुकारलं की ती उठेल, “आलो हो, आलो,” म्हणेल, आणि मग मलाही उठावंच लागेल, त्या नावाने.

दार उघडून गॉर्ली बाहेर आला. हातातला कागद बघून त्याने पुकारा केला. तिन्ही भाग.

मी माझ्या बुटांच्या नाड्या बघत होते. आई हलली. पण तिने फक्त पर्स उघडली, नोटिशीची घडी घातली, आत टाकली, आणि पर्स बंद केली.

गॉर्लीने दुसऱ्यांदा पुकारलं. पॅसेजच्या त्या टोकापर्यंत आवाज गेला आणि परत आला. बाकावर आम्ही दोघीच. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि आवाज खाली आणला. “डार्ला, पोरगं आलंय की नाही? साहेब आत खोळंबलेत.”

आईचा हात माझ्या गुडघ्यावर येऊन बसला. घट्ट. तिने गॉर्लीकडे वर बघितलं, आणि काउंटरवर बघते तसं हसली, अगदी तसंच.

“काही घाई नाही हो,” ती म्हणाली. “सावकाश शोधा.”

गॉर्लीने हातातला कागद उलटून बघितला. बिचाऱ्याला काय करावं कळेना. नियमाप्रमाणे तीनदा पुकारायचं असतं. उघड्या दारातून आतल्या टकटकीचा आवाज आला, गुलाबी नखांचा. उतरवून घेत असावी. घेऊ दे.

तिसरा पुकारा झाला तेव्हा आम्ही दोघीही जिन्याकडे बघत होतो, कोण येतोय ते आम्हालाही बघायचं असल्यासारखं.